एका कॉम्प्युटरला किती राखणदार?

मुलगी अकरावीला गेली म्हणून घरात नवा लॅपटॉप येतो. त्यात कंपनीनेच एका अँटिव्हायरसचा महिना-दोन महिन्यांचा चाचणी परवाना टाकून दिलेला असतो. बिल करताना दुकानदार म्हणतो, ‘‘साहेब, हे फुकटातलं फार दिवस चालत नाही. हा खोका घेऊन जा, वर्षभर बघायला नको.’’ खोका घरी येतो. दुकानातला मुलगाच तो लॅपटॉपवर चढवूनही देतो. पंधरा दिवसांनी मामाचा मुलगा सुटीला येतो. त्याला कॉम्प्युटरमधले जास्त कळते, असा घरात समज. तो इंटरनेटवरून आणखी एक फुकटचा अँटिव्हायरस उतरवतो. आधीचे दोन काढायचे कुणाच्या मनातही येत नाही. कशाला काढायचे? एकाच्या नजरेतून सुटलेला चोर दुसरा पकडेल. राखणदार जास्त, तर घर जास्त सुरक्षित!

महिनाभरात लॅपटॉप सुरू व्हायला चहा उकळून गाळून होईल इतका वेळ लागू लागतो. पंखा घुंघुं करतो. सादर करायच्या प्रकल्पाची फाइल उघडता उघडत नाही, आणि एक दिवस ऐन वेळी पडदा निळा होऊन सगळेच ठप्प होते. मग घरात निष्कर्ष निघतो, ‘‘व्हायरस शिरला!’’ आणि कुणीतरी चौथा अँटिव्हायरस सुचवते.

हा प्रकार बडोद्याच्या फ्लॅटमध्ये घडतो तसाच इंदूरच्या वाड्यात आणि बंगळूरच्या भाड्याच्या खोलीतही घडतो. छोट्या कचेऱ्यांत तर सर्रास घडतो. कर सल्लागाराच्या कचेरीतल्या एका कॉम्प्युटरवर चारशे अशिलांची विवरणपत्रे असतात, मुदत तोंडावर असते, आणि व्हायरसपेक्षा अँटिव्हायरसच्या आपसातल्या झटापटीनेच काम अडते. दोन अँटिव्हायरस ठेवावेत की नाही, हा प्रश्न म्हणून वाटतो तितका किरकोळ नाही.

पहारा कसा चालतो?

अँटिव्हायरसची कामे दोन. पहिले काम झडतीचे. आपण सांगितले की तो हार्ड डिस्कवरच्या फाइली एकेक करून तपासतो आणि काम संपले की गप्प बसतो. दुसरे काम चोवीस तासांच्या पहाऱ्याचे. कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत तो जागा असतो. कुठलीही फाइल उघडली, उतरवली, जतन केली की ती आधी त्याच्या हातून जाते आणि मगच पुढे सरकते. घोळ होतो तो या दुसऱ्या कामात.

हा पहारा नीट व्हावा म्हणून अँटिव्हायरसला विंडोजच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जागा मिळालेली असते. फाइल आणि डिस्क यांच्या मधल्या वाटेवर तो आपली चौकी बसवतो. अशा चौक्या एकाहून जास्त असू शकतात. बॅकअपची वेगळी, फाइल कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅमची वेगळी. त्यांचा क्रम चुकू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने प्रत्येकीला ‘उंची’ ठरवून दिली आहे. अँटिव्हायरसना 3,20,000 ते 3,30,000 या पट्ट्यातले आकडे मिळतात. म्हणजे कोणी आधी पाहायचे आणि कोणी नंतर, एवढे ठरलेले असते. पण दोघांनी एकाच पाहुण्याची कॉलर धरली तर काय करायचे, हे त्या आकड्यातून ठरत नाही.

आणि नेमके तेच घडते. समजा एक फाइल उतरवली. पहिल्या अँटिव्हायरसने ती तपासायला उघडली. फाइल उघडली गेली हे पाहून दुसरा जागा झाला, त्याने तीच फाइल तपासायला घेतली. काही वेळा दोघेही एकमेकांचे काम संपायची वाट पाहत राहतात, आणि ज्याने फाइल उघडायला सांगितली तो बिचारा वापरणारा पडद्यावरचे गोल गोल फिरणारे वर्तुळ पाहत बसतो. कॉम्प्युटर ‘हँग’ झाला असे आपण म्हणतो त्यातले एक कारण हे.

खरोखरीचा व्हायरस सापडला तर गंमत आणखी वाढते. पहिला तो उचलून आपल्या कोठडीत, म्हणजे क्वारंटाइनमध्ये टाकायला जातो. तेवढ्यात दुसऱ्याने त्या फाइलवर हात ठेवलेला असतो. पहिला म्हणतो, फाइल हलवता येत नाही. दुसरा म्हणतो, फाइल सापडत नाही. वापरणाऱ्यासमोर दोन वेगवेगळ्या सूचना येतात, आणि व्हायरस नक्की गेला की राहिला हे दोघांपैकी कुणालाच धड सांगता येत नाही. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ!

अँटिव्हायरसची वागणूकही संशयास्पदच असते, हेही लक्षात घेतले पाहिजे. तो सगळ्या फाइलींत डोकावतो, इतर प्रोग्रॅमवर नजर ठेवतो, त्यांना थांबवतो, स्वतःला कुणी बंद करू नये म्हणून धडपडतो. एखादा चलाख व्हायरस दुसरे काय करतो? त्यामुळे एका अँटिव्हायरसला दुसरा चोरासारखा दिसला तर नवल नाही. साध्या वेशातल्या दोन पोलिसांनी एकमेकांना पाकीटमार समजून धरावे, तशी ही गत.

याचे एक जुने उदाहरण फार बोलके आहे. 1993 साली मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस 6 सोबत एक अँटिव्हायरस मिळत असे. व्हायरस ओळखण्यासाठी त्यांच्या खुणांची यादी लागते. ही यादी तो कॉम्प्युटरच्या मेमरीत उघडीच ठेवायचा. नंतर दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस चालवला की त्याला मेमरीत व्हायरसच्या खुणा दिसत आणि तो बोंब ठोके, ‘व्हायरस, व्हायरस!’ प्रत्यक्षात ती चोरांच्या फोटोंची वहीच होती. पुढे कंपन्यांनी या याद्या सांकेतिक रूपात ठेवायला सुरुवात केली आणि हा प्रकार पुष्कळसा थांबला. चौकीवरची ओढाताण मात्र थांबली नाही.

फ्लॉपीच्या काळातली सवय

मग ‘दोन असलेले बरे’ हा समज आला कुठून? तो अगदीच वेडगळ नाही. एके काळी तो खराही होता.

पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याची नोंद आहे तो ‘ब्रेन’ 1986 साली लाहोरमधून निघाला. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला आणि त्यात आपली नावे, पत्ता, फोन नंबर बिनदिक्कत घालून ठेवले! तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरे. 6 मार्च ही तारीख आली की हार्ड डिस्कवरची माहिती पुसणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ने 1992 साली जगभर घबराट उडवली, नुकसान भीतीच्या मानाने बरेच कमी झाले. 26 एप्रिल 1999 रोजी ‘चेर्नोबिल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सीआयएच व्हायरसने मात्र खरोखरच असंख्य कॉम्प्युटर निकामी केले.

त्या दिवसांत दुरुस्ती करणारा माणूस पिशवीत दोन-तीन कंपन्यांच्या फ्लॉप्या घेऊन येई. एक घालून तपासायचा, काढायचा, मग दुसरी घालायचा. त्यातले बरेचसे प्रोग्रॅम झडतीचे होते, पहाऱ्याचे नव्हते. एकाचे काम संपल्यावर दुसरा सुरू होई, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता. शिवाय एका कंपनीला माहीत असलेला व्हायरस दुसरीला कळायला आठवडे लागत. इंटरनेट नाही, नवी यादी टपालाने यायची. तेव्हा दोन ठिकाणी विचारणे शहाणपणाचेच होते.

पुण्याच्या ‘क्विक हील’चा जन्मही याच वातावरणातला. कॅल्क्युलेटरची दुरुस्ती करता करता कैलास काटकर कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर व्हायरसने बिघडलेले असत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला आणि 1990च्या दशकाच्या मध्यास तो बाजारात आला. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचे नाव 2007 मध्ये बदलून क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि 2016 साली तिचे शेअर बाजारात नोंदले गेले. दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झालेली गोष्ट शेअर बाजारापर्यंत गेली.

काळ बदलला. झडतीचा प्रोग्रॅम पूर्णवेळ पहारेकरी झाला. सवय मात्र फ्लॉपीच्याच काळातली राहिली.

गणित कुठे चुकते?

दोन अँटिव्हायरसच्या बाजूने एक गणित हमखास मांडले जाते. समजा एक अँटिव्हायरस शंभरातले 98 व्हायरस पकडतो, दोन सुटतात. दुसराही तसाच. मग दोघांच्याही हातून सुटणारे किती? दोन टक्क्यांचे दोन टक्के, म्हणजे दहा हजारांत फक्त चार. वाहवा!

हे गणित बरोबर ठरायला एक अट आहे. दोघांच्या चुका एकमेकांपासून अगदी स्वतंत्र असल्या पाहिजेत. प्रत्यक्षात तशा नसतात. नमुन्यांची देवाणघेवाण कंपन्यांमध्ये सतत चालते, त्यामुळे जो व्हायरस एकाला माहीत असतो तो बहुधा दुसऱ्यालाही माहीत असतो. आणि जो आज सकाळीच जन्माला आला, तो दोघांनाही अनोळखी असतो. एकाच वर्गात, एकाच गाइडवरून अभ्यास केलेल्या दोन मुलांनी अवघड गणित एकदमच सोडून द्यावे, तसे.

त्यातून मालकांची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. अ‍ॅव्हास्टने 2016 मध्ये एव्हीजी विकत घेतली. 2021 मध्ये अविरा नॉर्टनवाल्यांकडे गेली. 2022 मध्ये नॉर्टन आणि अ‍ॅव्हास्ट एकत्र येऊन ‘जेन डिजिटल’ ही एकच कंपनी झाली. म्हणजे नॉर्टन, अ‍ॅव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे आता एकाच घरातली! ज्याने सावधगिरी म्हणून अ‍ॅव्हास्ट आणि एव्हीजी असे दोन्ही ठेवले, त्याने एकाच एजन्सीचे दोन वॉचमन वेगवेगळ्या गणवेशात उभे केले. काही कंपन्या तपासणीचे इंजिनच दुसऱ्या कंपनीकडून परवान्यावर घेतात. खोक्यावरचे चित्र निराळे, आतला ऐवज बराचसा तोच.

ज्यांना खरोखर दोन इंजिने हवी होती त्यांनी वेगळा मार्ग काढला. जर्मनीच्या बोखुम शहरातल्या जी डेटा या कंपनीने एकाच उत्पादनात दोन इंजिने बसवून ते वर्षानुवर्षे विकले. तिथे दोन्ही इंजिनांचा मालक एक आणि चौकी एकच, म्हणून ते जमले.

पकडण्याची शक्यता थोडीशी वाढते हे मान्य केले तरी खोट्या आरोपांची शक्यताही वाढते, आणि ती जवळपास बेरजेने वाढते. निरुपद्रवी फाइलला व्हायरस ठरवण्याची चूक दोघेही करतात, आणि बहुतेक वेळा वेगवेगळ्या फाइलींबाबत. ही चूक कधीकधी फार महागात पडते. मे 2007 मध्ये सिमँटेकच्या अँटिव्हायरसने चिनी भाषेतल्या विंडोज एक्सपीच्या दोन अत्यावश्यक फाइली व्हायरस समजून उचलल्या आणि ते कॉम्प्युटर सुरूच होईनात. 21 एप्रिल 2010 रोजी मॅकाफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल अशीच कोठडीत टाकली आणि अनेक देशांतल्या कचेऱ्या, रुग्णालये यांचे काम बंद पडले. तर 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. त्या दिवशी आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते याच कारणाने. क्राउडस्ट्राइक हे घरगुती उत्पादन नव्हे, मोठ्या कंपन्यांसाठीचे आहे. पण गाभ्यात बसलेला राखणदार अडखळला की घराचे काय होते, हे त्यातून दिसले. असा एक राखणदार ठेवणे आवश्यक असते. दुसरा कशाला?

दुसरे मत जरूर घ्यावे

डॉक्टरांच्या बाबतीत आपण दुसरे मत घेतो, पण दोघांची औषधे एकदम सुरू करत नाही. इथेही तोच न्याय. पहारेकरी एकच ठेवावा. शंका आली तर झडतीपुरता दुसरा बोलवावा. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती, मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर अशी साधने हव्या त्या वेळी चालवता येतात आणि पहाऱ्यात लुडबुड करत नाहीत. मात्र मालवेअरबाइट्स बसवला की सुरुवातीला पूर्ण आवृत्तीची चाचणी म्हणून पहाराही सुरू होऊ शकतो. तेवढे पाहून तो बंद करावा.

एखादीच फाइल संशयास्पद वाटत असेल तर ‘व्हायरसटोटल’ हा उत्तम मार्ग. स्पेनमधल्या मालागा शहरात 2004 साली सुरू झालेली ही सेवा 2012 मध्ये गूगलने घेतली. तिथे फाइल चढवली की साठ-सत्तर इंजिने ती तपासून आपापले मत देतात. ही सगळी इंजिने त्यांच्या कॉम्प्युटरवर चालतात, आपल्या नाही. एक सावधगिरी मात्र हवीच. तिथे चढवलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतर सभासदांनाही पाहता येते. म्हणून बँकेचे स्टेटमेंट, अशिलाचे विवरणपत्र, आधार कार्डाची प्रत असले काही तिथे कधीही चढवू नये. आणि सत्तरातल्या एखाद-दुसऱ्याच अनोळखी इंजिनाने बोट दाखवले तर घाबरण्याचेही कारण नाही. खोटा आरोप असण्याचा संभव जास्त.

आता विंडोजमधल्या डिफेंडरविषयी. 2012 च्या विंडोज 8 पासून पूर्ण अँटिव्हायरस विंडोजसोबतच येतो. दुसऱ्या कंपनीचा बसवला की हा आपोआप पहाऱ्यावरून बाजूला होतो. विंडोज 10 आणि 11 मध्ये त्याला ठराविक काळाने फक्त झडती घ्यायला सांगता येते, ‘पीरिऑडिक स्कॅनिंग’ नावाने. म्हणजे दुसऱ्या मताची सोय घरातच आहे. डिफेंडर शहाणपणाने बाजूला होतो, पण बाहेरच्या दोन कंपन्या एकमेकींसाठी बाजूला होतीलच असे नाही.

आधीचे काढायचे कसे?

प्रथम कोण कोण बसले आहेत ते पाहावे. विंडोज सिक्युरिटी उघडून सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ येथे गेले की पहाऱ्यावर कोण आहे ते कळते. जो ठेवायचा नाही तो सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून अनइन्स्टॉल करावा. डेस्कटॉपवरचे त्याचे चित्र पुसले म्हणजे तो गेला, असे समजणारे अजून पुष्कळ आहेत! अनइन्स्टॉल केल्यावर कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा. अँटिव्हायरसची मुळे खोलवर गेलेली असल्याने काही अवशेष राहतात आणि तेच पुढे त्रास देतात. म्हणून बहुतेक कंपन्या आपापले खास ‘रिमूव्हल टूल’ स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावर मोफत देतात, ते चालवावे. जुना पूर्ण गेल्यावरच नवा बसवावा.

चाचणी परवान्याची मुदत संपलेला अँटिव्हायरस तर मुळीच ठेवू नये. त्याच्याकडे नव्या व्हायरसची यादी येत नाही, ‘नूतनीकरण करा’ म्हणून तो रोज ओरडतो, आणि वापरणाऱ्याला मात्र आपण सुरक्षित आहोत असे वाटत राहते.

आणखी एक जात सांभाळायची. संकेतस्थळ पाहताना एकाएकी पडदा लाल होतो, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा’. ब्राउझरमधल्या कुठल्याही पानाला आपल्या हार्ड डिस्कची अशी झडती घेता येत नाही. हा अँटिव्हायरस नव्हे, ठगाचा जाळे टाकण्याचा प्रकार. निवृत्त माणसे याला फार बळी पडतात. ‘असला तर असू दे, आणखी एक’ म्हणून अँटिव्हायरस चढवण्याची सवय असलेल्या घरात तो सहज खपतो.

पैसा आणि कष्ट कशावर?

1984 मध्ये फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने व्हायरसवर पहिला गाजलेला निबंध सादर केला. सगळे व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्रॅम तर्कदृष्ट्याच लिहिता येणार नाही, असे त्याने दाखवले. एकाने जे होत नाही ते दोघांनीही होणार नाही. तेव्हा दुसऱ्या अँटिव्हायरसवर खर्च होणारे पैसे आणि वेळ दुसरीकडे वळवणे इष्ट.

12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशेहून जास्त देशांतल्या कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिले होते. ज्यांनी ते घेतले होते त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तो त्या भोकातून शिरू शकला नाही. ‘अपडेट नंतर’ हे बटण रोज दाबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. विंडोज 10 ची नेहमीची मोफत मदत मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवली आहे. असे जुने कॉम्प्युटर अजून घरोघरी आहेत आणि त्यांच्यावर दोन-दोन अँटिव्हायरस चढवून ती उणीव भरून निघत नाही.

ओटीपी विचारणारा फोन, वीज तोडण्याची धमकी देणारा संदेश, ‘डिजिटल अरेस्ट’ची बतावणी, यांत तर अँटिव्हायरसला दिसण्यासारखे फारसे काही नसतेच. तिथे माणूसच फसवला जातो. असे घडल्यास 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

राहिला बॅकअप. कर सल्लागाराच्या त्या चारशे फाइली असोत की लग्नाचे आणि बारशाचे फोटो, त्यांच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर किंवा कचेरीबाहेर. बाहेरून जोडायची हार्ड डिस्क या कामाला स्वस्त पडते. आठवड्यातला एक वार ठरवावा, प्रत काढावी आणि काम झाले की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. ती सतत जोडलेली राहिली तर खंडणीखोर व्हायरस मूळ फाइलींबरोबर प्रतीलाही कुलूप लावतो. आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाइल उघडून पाहावी. प्रत निघाली होती की नुसतीच निघाल्यासारखी वाटली होती, ते तेव्हाच कळते.